टायसन नावाचा कुत्रा आणि बॉक्सिंगची तिकीटबारी

२०२४ च्या नोव्हेंबरातली शनिवारची सकाळ. तिकडे अमेरिकेत अजून शुक्रवारची रात्र. टेक्सासमधल्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन आणि २७ वर्षांचा जेक पॉल समोरासमोर उभे, आणि इकडे डोंबिवलीत आमच्या टीव्हीवर नेटफ्लिक्सचं चाक गरागरा फिरतंय. पोरगा वैतागलेला. जेक पॉल त्याला यूट्यूबमुळे पाठ. दुसऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा, हा टायसन म्हणजे आबांच्या कुत्र्याचं नाव ना?"

आधी हसलो. मग लक्षात आलं, पोरगं भलतंच बरोबर बोललंय.

नव्वदच्या दशकात सांगलीकडं आमच्या एका आळीत दोन टायसन होते. एक आबांचा, एक पिठाच्या गिरणीवाल्याचा. या दोघांनी आयुष्यात बॉक्सिंगची एक लढत पाहिलेली नव्हती. आता गंमत बघा. इव्हँडर होलीफिल्डने टायसनला १९९६ मध्ये हरवलं. १९९७ मध्ये परत भिडले तेव्हा टायसन त्याचा कान चावला आणि तिसऱ्या राउंडला बाद झाला. म्हणजे दोन्ही वेळा जिंकला होलीफिल्ड. पण होलीफिल्ड नावाचा कुत्रा मी आजतागायत पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कमेंटमध्ये सांगा.

त्या कानचाव्या रात्री होलीफिल्डला टायसनपेक्षा जास्त पैसे मिळाले होते, साडेतीन कोटी डॉलर विरुद्ध तीन कोटी. ते मान्यच. पण अमेरिकेत जवळपास २० लाख घरांनी त्या एका लढतीसाठी वेगळे पैसे मोजले (याला पे-पर-व्ह्यू म्हणतात), ते कोणाला बघायला, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

आबा कुस्तीवाले. त्यांच्याकडे याचं साधं उत्तर आहे. "पैलवान गर्दी खेचत नाही रे, जोड खेचते." 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असली पत्रकं वाचत मोठा झालेला माणूस. दिल्लीचा सतपाल आणि कोल्हापूरचा युवराज पाटील यांच्या जोडीबद्दल ते आजही बोलायला लागले की चहा गार होतो. सतपालशी त्यांचं काय वैर? काही नाही. पण तो दिल्लीचा आणि हा आपला, एवढं पुरे होतं.

बॉक्सिंगचा इतिहास वाचायला लागलो (हा नाद मला उशिरा लागला, चाळिशीत) तेव्हा आबांचं वाक्य पानोपानी भेटत गेलं. फक्त तिथली जोड लावणारे लोक जास्त निर्ढावलेले होते.

१९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा काळा माणूस हेवीवेट विजेता झाला. गोऱ्या अमेरिकेचा जीव कासावीस. जॉन्सन मुठीने मारायचाच, वर हसायचा, झकपक कपडे घालायचा, गोऱ्या बायकांबरोबर उघड फिरायचा. मग शेतीत रमलेल्या जिम जेफ्रीजला लोकांनी अक्षरशः उठवून आणलं. हा माजी विजेता न हरता निवृत्त झालेला, वजन वाढलेलं. त्याने 'गोऱ्यांची लाज राखावी' म्हणून वर्तमानपत्रांतून आवाहनं झाली आणि त्यात जॅक लंडनसारखा नामांकित लेखकही होता. ४ जुलै १९१०, नेवाडातलं रीनो गाव. जॉन्सनने पंधराव्या राउंडला जेफ्रीजला संपवलं. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली, त्यातली बहुतेक काळी. त्या लढतीचा चित्रपट अनेक शहरांनी दाखवू दिला नाही आणि १९१२ मध्ये तर अमेरिकी संसदेने बॉक्सिंगच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला बंदी करणारा कायदाच केला. चार मुठींची मारामारी, आणि तिच्यासाठी कायदा.

या लढतीचा प्रमोटर होता टेक्स रिकार्ड. त्याने यातून काय शिकावं? जखम कुठे आहे ते शोधायचं आणि बरोबर तिथे तिकीटखिडकी उघडायची. १९२१ मध्ये त्याने जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची जोड लावली. कार्पेंतिए पहिल्या महायुद्धात लढलेला वीर. डेम्प्सी अमेरिकनच, पण सैन्यभरती चुकवल्याचा त्याच्यावर आरोप. खटल्यात सुटला तरी डाग पुसला गेला नव्हता. तो गोदीत काम करून देशसेवा करतोय असं दाखवणारा एक फोटो छापून आला होता आणि त्यात कामगाराच्या कपड्यांखाली चकाकते पेटंट लेदरचे बूट! ते बूट लोक विसरले नाहीत. जर्सी सिटीत या लढतीसाठी लाकडी स्टेडियम उभारलं, ८० हजारांवर माणसं आली आणि बॉक्सिंगच्या इतिहासात पहिल्यांदा तिकिटांचा गल्ला दहा लाख डॉलरच्या वर गेला, जवळपास १८ लाखांवर. पुष्कळ अमेरिकन आपल्याच माणसाविरुद्ध ओरडत होते. डेम्प्सीने चौथ्या राउंडला निकाल लावला.

हाच डेम्प्सी १९२६ मध्ये जीन टनीकडून हरला आणि मग लोकांना एकदम आवडायला लागला. टनी मरीन दलातला माजी सैनिक, शेक्सपिअर वाचणारा, डोक्याने खेळणारा. दोनदा जिंकूनही त्याच्यावर लोकांचा जीव जडला नाही. टनी नावाचे कुत्रेही नसतील.

आता अली.

मुहम्मद अलीबद्दल बोलताना आपण सगळेच जरा हळवे होतो. मीही. व्हिएतनाम युद्धाला नकार, विजेतेपद काढून घेतलं, साडेतीन वर्षं रिंगबाहेर. हे सगळं खरं आणि मोठं. पण तिकीटबारीचा धडा तो फार आधी, १९६१ मध्ये लास व्हेगासला शिकला. तिथे त्याला गॉर्जस जॉर्ज नावाचा कुस्तीतला नटवा भेटला. कुरळे सोनेरी केस, झगे, आणि तोंडाने अखंड बढाया. हॉल खचाखच. निम्मे लोक याला कोणीतरी तुडवावं म्हणून आलेले, पण तिकीट त्यांनीही काढलेलं. अलीने ते टिपलं. अर्थात नुसता शिमगा करून भागत नाही. १९६४ मध्ये तो सनी लिस्टनसमोर उभा राहिला तेव्हा मायामीचा हॉल जवळजवळ अर्धा रिकामा होता. पोरगं मार खाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठरलेला निकाल बघायला पैसे कोण घालवतो? जोड लागायला समोर खरा धोका लागतो. तो धोका त्याला मिळाला जो फ्रेझियरच्या रूपाने.

इथे मला दर वेळी अडखळायला होतं. फ्रेझियर साउथ कॅरोलायनातल्या गरीब शेतकरी कुटुंबातला. पुढे फिलाडेल्फियात कत्तलखान्यात राबलेला. त्या मानाने अली लुईव्हिलच्या बऱ्या घरातला. अलीचा परवाना गेला तेव्हा फ्रेझियरने त्याला पैसे दिले, त्याला परत खेळू द्या म्हणून शब्द टाकला. आणि ८ मार्च १९७१ ची न्यूयॉर्कची लढत ठरली तेव्हा अलीने त्याच फ्रेझियरला 'अंकल टॉम', म्हणजे गोऱ्यांचा हुजऱ्या, म्हणून देशभर हिणवलं. झालं! युद्धाला विरोध करणारे एकीकडे, 'देशभक्त' दुसरीकडे. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर, त्या काळातली अचाट रक्कम. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रिंगजवळ फ्रँक सिनात्रा 'लाइफ' मासिकासाठी फोटो काढतोय, असा तो माहोल. पंधराव्या राउंडला फ्रेझियरच्या डाव्या हुकने अली आडवा झाला, उठला, पण लढत फ्रेझियरने जिंकली. जिंकूनही तो अर्ध्या देशाला नकोसा. शाळेत त्याच्या मुलांना चिडवायचे.

१९७५ मध्ये मनिलाच्या लढतीआधी अली त्याला 'गोरिला' म्हणत खिशातलं रबरी माकड काढून पत्रकारांसमोर बडवायचा. पत्रकार हसायचे. एका काळ्या माणसाने दुसऱ्या काळ्या माणसाला हे म्हणावं, आणि तेही अलीने! चौदा राउंड दोघांनी एकमेकांना मरेस्तोवर मारलं. फ्रेझियरच्या मनातली ती गोष्ट पुढे कित्येक वर्षं गेली नाही. १९९६ मध्ये अटलांटात थरथरत्या हाताने ज्योत पेटवणारा अली पाहून जग रडत होतं तेव्हाही फ्रेझियर त्याच्याबद्दल कडवटच बोलला. लोकांनी त्यालाच नावं ठेवली. २००१ मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. ते सगळं लढत खपवण्यासाठी होतं, असा त्याचा सूर. २०११ मध्ये फ्रेझियर गेला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला अली हजर होता.

खपवण्यासाठी. बरं, घेत कोण होतं?

टायसनच्या बाबतीत तर रंगवून सांगायचीही गरज उरली नाही. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी विजेता. १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, तीन वर्षं तुरुंगात. सुटून आल्यावर १९९५ च्या ऑगस्टमधली पहिली लढत ८९ सेकंदांत आटोपली. तीही लाखो घरांनी पैसे मोजून पाहिली. गुन्हा हीच जाहिरात झाली होती. फ्लॉइड मेवेदरने तेच हिशेबाने केलं. तांत्रिकदृष्ट्या त्याच्याइतका पक्का बॉक्सर विरळा, अंगाला ठोसा लागू देत नाही. पण ती कला बघायला घरटी पैसे देणारे थोडे. २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून त्याने प्रमोटरच्या करारातून स्वतःला सोडवलं, 'प्रिटी बॉय' हे टोपणनाव टाकून 'मनी' घेतलं, आणि कॅमेऱ्यासमोर नोटांची बंडलं उधळायला लागला. २००७ मध्ये सगळ्यांच्या लाडक्या ऑस्कर दे ला होयाशी भिडला, २४ लाख घरं. २०१२ मध्ये घरगुती हिंसेच्या प्रकरणात दोन महिने तुरुंगात जाऊन आला. पुढच्याच वर्षी आधीपेक्षा मोठा करार. २०१५ मध्ये मॅनी पॅकियाओशी लढत, ४६ लाख घरं. लढत कंटाळवाणी झाली म्हणून लोक नंतर बोंबलले. तो हरेल म्हणून पैसे भरले होते, तो हरला नाही, एवढंच झालं होतं.

हे सगळं अमेरिकेचं चाललंय, आपल्याला काय, असं वाटत असेल तर आता माझं सांगतो.

५ ऑगस्ट २०१७, वरळीचा एनएससीआय डोम. विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमतअली. त्याआधी मी एकही लढत प्रत्यक्ष पाहिली नव्हती. विजेंदरने २००८ मध्ये बीजिंगला ब्राँझ आणलं तेव्हा पेढेही वाटले नाहीत की त्याची पुढची लढत कधी, हेही विचारलं नाही. मग २०१७ मध्येच तिकीट का काढलं? कारण जूनपासून डोकलाममध्ये दोन्हीकडचे सैनिक समोरासमोर उभे होते. टीव्हीवर रोज रात्री युद्ध. व्हॉट्सअॅपवर चिनी वस्तूंवर बहिष्काराचे मेसेज, जे मी चिनी फोनवरून पुढे पाठवत होतो. लढतीआधी विजेंदरही म्हणाला होता की चिनी माल फार टिकत नाही. ऑफिसातल्या आम्ही चौघांनी त्याच दिवशी तिकिटं काढली.

झुल्पिकार रिंगमध्ये आला तेव्हा आम्ही हुर्यो केली. पोरगेलं तोंड. आम्ही काय काय ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. त्याच्या डोळ्यांवरून, नाकावरून. मी नेहमी अशा पोस्ट वाचून संतापणारा माणूस. ईशान्येकडच्या पोरांना दिल्ली-पुण्यात काय म्हणतात यावर मी याच भिंतीवर लिहिलेलं आहे. त्या रात्री मी तेच शब्द वापरले. घसा बसेपर्यंत. मजा आली, खोटं कशाला सांगू. विजेंदरला कमरेखाली ठोसा बसला तेव्हा तर अख्खा हॉल उभा राहिला, जणू सीमाच ओलांडली कोणी.

दहा राउंड झाले. लढत चुरशीची, झुल्पिकार कुठेच कमी नव्हता. निकाल गुणांवर लागला, विजेंदर जिंकला, आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या.

त्यानंतर विजेंदरने माइक हातात घेऊन सांगितलं की हा पट्टा मी झुल्पिकारला परत द्यायला तयार आहे, सीमेवर शांतता राहावी एवढीच इच्छा आहे.

हे मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. निकाल जाहीर झाल्याबरोबर मी टॅक्सी मिळावी म्हणून धावत बाहेर पडलो होतो.