माझं पेडल, माझे कान आणि तुमचा टीव्ही

गेल्या महिन्यात मी माझं गिटारचं एक पेडल विकलं. आरोग्याच्या लेखात ही कसली बातमी, असं तुम्हाला वाटेल. पण घ्यायला आलेल्या मुलाने साधा प्रश्न विचारला, "काका, का विकताय?" त्याचं खरं उत्तर तुमच्याही कामाचं आहे, म्हणून हा लेख.

जाहिरातीत मी लिहिलं होतं: ओव्हरड्राइव्ह पेडल, हातबनावटीचं, तीन वर्षं वापरलेलं, खोका आणि बिल आहे, तळाला वेल्क्रो चिकटवलेला, टोनचा नॉब फिरवताना किंचित खरखर. डोंबिवली पूर्वेला येऊन वाजवून पाहावं. यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त विकण्याचं कारण लिहिलं नव्हतं.

ज्यांना गिटारचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आवाज खूप वाढवला की तो गिटारचा स्वर जसाच्या तसा पेलू शकत नाही. आवाजाच्या लाटेची टोकं चपटी होतात आणि स्वराला एक खरखरीत, उबदार धार येते. रॉकमधली गिटार गुरगुरते ती यामुळे. ओव्हरड्राइव्ह पेडल हे काम पायाखालच्या छोट्या डबीत, डायोडसारख्या साध्या भागांनी करतं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेलं आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. पुढे छोटे कारागीर हाताने, मोजक्या संख्येने पेडल्स बनवू लागले. त्यांना बुटीक पेडल म्हणतात. बिल फिनेगन यांनी 1994 पासून बनवलेलं क्लॉन सेंटॉर आज जुन्या बाजारात हजारो डॉलरला जातं. माझं तितकं थोर नव्हतं, पण माझ्या खिशाला चटका बसला होता.

मी ते का घेतलं होतं? कारण माझ्या आधीच्या साध्या पेडलला 'धार उरली नाही' असं मला वाटू लागलं होतं. तारा बदलल्या, केबल बदलली, मग हे महागडं पेडल आणलं. काही महिने खूश होतो. मग पुन्हा तेच: आवाज मंद, जणू ॲम्पवर कोणी गोधडी टाकली आहे. मी टोनचा नॉब थोडा पुढे सरकवला, मग आणखी थोडा.

एका रविवारी माझी बारा वर्षांची मुलगी कानावर हात ठेवून आली. "बाबा, कानात टाचण्या टोचल्यासारखं वाजतंय!" मला तर ते बेताचं वाटत होतं. मग बायकोने हिशेब मांडला: टीव्हीचा आवाज मी चौदावरून बावीसवर नेला आहे, आणि दवाखान्यात हळू बोलणाऱ्या पेशंटना मी दोनदा विचारतो. मी याचं खापर पंख्यावर फोडत होतो.

ग्राफमधला खड्डा

कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या मित्राकडे गेलो. त्याने आधी कानात मळ आहे का ते पाहिलं, कारण आवाज मंद होण्याचं सर्वांत साधं कारण तेच. मळ नव्हता, पडदाही चांगला होता. मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओग्राम काढला. यात वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की तुम्ही बटण दाबता. दुखत नाही, साधारण अर्ध्या तासात होतं.

माझा आलेख 2000 हर्ट्झपर्यंत ठीक होता. 4000 ला तो खड्ड्यात पडला होता आणि 8000 ला पुन्हा थोडा वर आला होता. वयामुळे येणारा बहिरेपणा बहुधा उंच पट्टीकडे उतरत जातो. मोठ्या आवाजाने झालेली इजा मात्र 3000 ते 6000 च्या दरम्यान असा खड्डा पाडते. मित्र म्हणाला, "हा तुझा बँड."

आपल्या आतल्या कानात, शंखासारख्या भागात, जन्मतः सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. सततच्या मोठ्या आवाजाने त्या दमतात आणि शेवटी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. माझ्या पेडलच्या नॉबची खरखर क्लीनरच्या फवाऱ्याने जाऊ शकते. केसपेशींसाठी तसा फवारा अजून निघालेला नाही.

कामाच्या जागेसाठी मानली जाणारी एक मर्यादा अशी आहे: 85 डेसिबल आवाजात आठ तास. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम आणि दोन गिटार वाजू लागल्या की शंभराचा आकडा सहज गाठला जातो. आम्ही ठाण्याच्या एका तळघरात तीन-तीन तास वाजवत असू. बाहेर पडल्यावर कानात शिट्टी वाजायची, सकाळपर्यंत थांबायची, आणि आम्ही म्हणायचो, "झालं बरं." ती शिट्टी म्हणजे इशारा होता. ती थांबली म्हणून काही नुकसान झालं नाही, असं समजायचं नसतं.

दोष पेडलचा नव्हता

उलट पेडलमुळे कमी आवाजातही ती गुरगुर मिळते. पण या पेडलची सगळी खासियत होती वरच्या पट्टीतल्या धारेत, आणि माझ्या कानात नेमका तिथेच खड्डा. मला न ऐकू येणाऱ्या गोष्टीसाठी मी पैसे मोजले होते आणि ती ऐकायच्या नादात आवाज वाढवून उरलेले कानही खर्ची घालत होतो.

माझे कितीतरी पेशंट हेच करतात, फक्त त्यांचं यंत्र वेगळं असतं. "डॉक्टर, हल्ली मालिकांत सगळे पुटपुटतात." "नवा मोबाइल घेतला, तरी समोरच्याचं कळत नाही." हे असं का होतं? अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, त, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि नाजूक. ती गळाली की 'साठ', 'पाठ' आणि 'आठ' सारखेच वाटतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. मग आपण टीव्ही मोठा करतो, सून वैतागते, आजोबा गप्प बसू लागतात.

व्यवहार

मुलगा ठाण्याहून आला होता, पंचविशीतला. फोनवर मला 'दादा' म्हणत होता, पांढरे केस पाहून 'काका' झाला. मी त्याला खरखर दाखवली, अडॅप्टरची पिन उलट्या ध्रुवाची लावू नको म्हणून सांगितलं. त्याने दहा मिनिटं वाजवलं. बोटं छान होती. मग म्हणाला, "घेतो. माझ्या पेडलला हल्ली धारच राहिली नाही."

तीन वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य होतं ते.

त्या क्षणी गप्प बसलो असतो तर पूर्ण किंमत मिळाली असती. पण का विकताय, हे त्याने विचारलंच होतं. मी ऑडिओग्राम काढून त्याच्यापुढे ठेवला. तो जरा वेळ पाहत राहिला. आठवड्यातून तीनदा सराव, कानात काही न घालता. शिवाय रोज लोकलमध्ये हेडफोन, आणि गाडीचा खडखडाट दाबण्यासाठी त्याचा आवाज जवळजवळ पूर्ण. कानात शिट्टी वाजते का? "प्रोग्रॅमनंतर वाजते ना. सगळ्यांनाच वाजते."

मी त्याला पेडल घेऊ नको म्हणालो नाही. त्याचे कान शाबूत असतील तर ते त्याच्याकडेच शोभेल. ऑडिओग्रामला लागतील तेवढे पैसे किमतीतून कमी केले आणि सांगितलं, "हे त्यासाठी. रिपोर्ट मला पाठव."

आता तुमच्याबद्दल.

टीव्हीचा आवाज घरात फक्त तुम्हालाच कमी वाटतो का? गर्दीत बोलणं कळत नाही का? तर नवं यंत्र घेण्याआधी कान तपासा. काडी किंवा पिन कानात घालू नका. लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात नीट बसणारे हेडफोन वापरा आणि आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. ढोलपथकात वाजवत असाल, फडके रोडवर पाडव्याच्या शोभायात्रेत ढोलांना लागून उभे राहत असाल, किंवा बँडमध्ये असाल, तर इअरप्लग घाला. संगीतकारांसाठीचे प्लग सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच कमी करतात, त्यामुळे सुरांची गंमत जात नाही. मी आता तेच घालून वाजवतो, माझ्या जुन्या, साध्या पेडलवर.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं, तर थांबू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा, कारण त्यात उपचार लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं. फक्त एकाच कानात सतत आवाज येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येत असेल, चक्कर येत असेल किंवा कान वाहत असेल, तरीही दाखवून घ्या.

मुलाचा परवा मेसेज आला: "पेडल मस्त वाजतंय काका!" रिपोर्टबद्दल एक अक्षर नाही. येत्या रविवारी मीच त्याला फोन करणार आहे.