डब्यातली काकडी

शेत विकलं आणि आईला चिखलदऱ्याला घेऊन आलो. तेव्हापासून ती गप्पच. तिचं मन रमावं म्हणून रंगाचे दोन रिकामे डबे आणले, बुडाला भोकं पाडली, माती-शेणखत भरलं आणि काकडी लावली. वेल सुतळीवर भराभर चढला, पिवळी फुलंही आली. पण बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळायच्या. मी खत वाढवलं, मग पाणी कमी केलं... काही उपयोग नाही!

एका सकाळी आई बाहेर आली.

"अरे बाप्पा, या धुक्यापावसात मधमाशी येईन कुठून? तूच हो ना मधमाशी!"

तिनं एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि जिच्या मागं इवलीशी काकडी असते त्या मादी फुलात हलकेच फिरवलं. ११०० मीटर उंचीवर, ऐन ढगात, ती पुन्हा आपल्या वावरात उभी असल्यासारखी दिसली.

आठ-दहा दिवसांत पहिली काकडी निघाली. दाण्याचं कूट घालून कोशिंबीर झाली. आता रोज चहाआधी आईची फुलांवर फेरी असते. काल म्हणाली, "दोन डब्यात काय होते? अजून चार आन."

असो. मंडळी, रिकामे डबे असतील तर कळवा!