नात्याचा रकाना

शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाची रकान्यांवर एक प्रकारची श्रद्धाच असते. जे रकान्यात बसले ते आहे. जे बसले नाही त्याची नोंद नाही. माझ्या कागदपत्रांतील ‘कुटुंबाचा तपशील’ हा रकाना आई गेल्यानंतर रिकामाच राहिला. शिस्तप्रिय, पुस्तकवेडा, अविवाहित, थोडासा तऱ्हेवाईक, एवढ्या विशेषणांत माझा उलगडा झाला असे कार्यालयात सर्वांना वाटे. मला पुरुषाविषयीच प्रेम वाटते, ही गोष्ट त्यांपैकी कोणत्याच विशेषणात मावत नव्हती.

नजरेस पडणे आणि कोणी आपल्याला ओळखणे यांत केवढे अंतर आहे, हे मला प्रा. रामचंद्र सिरस यांच्या कहाणीने शिकवले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारा हा कवी. परमुलखात राहून मराठीत कविता लिहिण्याचे एकाकीपण आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना सांगावयास नको. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरली. विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली आणि ७ एप्रिलला ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले.

त्यांच्यावरील हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. तो मी इंदूरमध्ये भाचीसमवेत पाहिला. मनोज बाजपेयी यांनी साकारलेले सिरस एकट्या खोलीत लताबाईंची गाणी ऐकत बसलेले दिसतात. ज्या कॅमेऱ्याने त्यांची विटंबना केली, तसाच एक कॅमेरा आता त्यांच्याकडे आदराने पाहत होता.

परतताना भाचीने विचारले, “मामा, तुमचं कोणी होतं का?”

‘लग्न का केले नाही?’ हे मी शेकडो वेळा ऐकले होते. हा प्रश्न प्रथमच. “होता,” मी म्हणालो. तिच्या ‘होतं’चे माझ्या तोंडी ‘होता’ झाले, ते तिने ऐकले आणि ती चालत राहिली. मग मी त्याचे नाव घेतले. कित्येक वर्षांत ते माझ्या तोंडून मोठ्याने उच्चारले गेले नव्हते. त्याला काय आवडायचे, एवढेच तिने विचारले. भुट्ट्याचा कीस, मी म्हणालो. आता दर पावसाळ्यात ती तो करून आणते आणि आम्ही त्याच्याविषयी बोलतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमच्या प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास कोणतेही बंधन नाही. हा नवा हक्क नव्हता, केवळ खुलासा होता. परंतु ज्या नात्याचा उच्चारही कोणी करीत नाही, त्याला खुलाशाचेही मोल असते. माझ्यापुरता तो उशिरा आला; ज्याचे नाव लिहावे तो हयात नाही.

आपल्या मंडळांतूनही मागच्या खुर्चीवर एकटे बसणारे कोणी काका, कोणी मामा असतील. भाचीने मला विचारले, तसे त्यांनाही कोणी विचारावे.