पन्नास चौरस फुटांचा वाद

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत, भुसार मालाचे एक दुकान आणि कापडाचे एक दुकान तीन पिढ्यांपासून शेजारी शेजारी उभे आहे. दोन्ही दुकानांमागे वखारी असून त्यांच्यामध्ये दगडमातीची चाळीस फूट लांब आणि दोन फूट जाड भिंत होती. एका पावसाळ्यात ती मधोमध खचली. भुसारवाल्या शेठांनी तेथे नवे गोदाम बांधण्याचे ठरवले आणि बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. नवी भिंत विटांची, नऊ इंचांची व्हायची होती. दोन फुटांतून नऊ इंच वजा जाता पंधरा इंच उरतात. चाळीस फूट लांबीवर ही जागा भरते पन्नास चौरस फूट.

ही पन्नास फूट कोणाची, एवढाच प्रश्न होता. भुसारवाल्यांच्या मते भिंत त्यांच्या आजोबांनी बांधली होती. कापडवाल्यांच्या मते ती त्यांच्या वखारीच्या पायावर उभी होती. पेठेतील जागेचा भाव कोणाला माहीत नाही? तरीही या वादात भावापेक्षा ‘माझे ते मी का सोडू’ हाच हिशेब मोठा होता. कापडवाल्यांनी वकिलामार्फत नोटीस धाडली. दुसऱ्याच दिवशी भुसारवाल्यांच्या नोकराने एका पाकिटात किल्ली आणून कापडवाल्यांच्या गल्ल्यावर ठेवली. चाळीस वर्षे दोन्ही दुकानांची एकेक किल्ली शेजाऱ्याकडे असे. कोणी गावाला गेले, तर दुकान शेजाऱ्याने उघडायचे, असा रिवाज होता. कापडवाल्यांनीही मग त्यांची किल्ली परत पाठवली.

बँकेने कर्जाचा अर्ज मागे ठेवला. ज्या जागेची हद्दच वादात आहे ती तारण घेऊन बँक काय करणार? तुरीचा हंगाम जवळ आला होता आणि माल ताडपत्रीखाली पडून होता.

प्रथम मोजणी झाली. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरली गेली, दोन्ही धारकांना नोटिसा निघाल्या, भूकरमापक आला आणि नकाशा तयार झाला. त्यात हद्दीची रेघ पडक्या भिंतीवरूनच गेली होती. ती भिंतीच्या कोणत्या इंचावर, हे मात्र त्यावरून ठरेना. अशा नकाशाचे प्रमाण १:५०० असेल, तर कागदावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दहा इंच होते. पंधरा इंचांच्या वादात दहा इंच रेघच खाते! दावा लागला असता, तर न्यायालयानेही कमिशनर नेमून बहुधा पुन्हा मोजणीच मागवली असती, आणि त्यात किती हंगाम गेले असते कोण जाणे.

अखेर पेठेतील एका वयोवृद्ध आडत्याने मध्यस्थी केली. दोन्ही घरांत त्यांना काका म्हणत. त्यांनी कागद मागण्याआधी भिंत पाहिली. भुसारवाल्यांच्या तुळयांची टोके भिंतीत वीतभर शिरलेली होती. कापडवाल्यांच्या बाजूलाही तुळयांचे खोपे होते आणि शिवाय दोन कोनाडे. दोन्हीकडचा भार वाहणारी भिंत एकट्याची कशी? पण खुणांवरून अनुमान निघते, निर्णय निघत नाही. काकांनी मूळ खरेदीखते मागितली. कापडवाल्यांच्या खतात पूर्वेस शेजाऱ्याची मिळकत एवढेच लिहिले होते. भुसारवाल्यांचे खत मोडीत होते. त्यांनी ते जाणकाराकडून वाचून घेतले. चतुःसीमेत शब्द होते: पश्चिमेस सामाईक भिंत.

हा कागद त्यांच्याच दाव्याविरुद्ध जाणारा होता. बँकेच्या फायलीत तो गेलाच असता. पण बँकेची फाईल शेजाऱ्याला कोण दाखवते? शेठांनी दोन दिवस तो जवळ ठेवला आणि तिसऱ्या दिवशी काकांपुढे ठेवला. तो वाचून झाल्यावर कापडवाले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काका, आता शेठांनाच विचारा, भिंत कुठे घ्यायची.”

भिंत जुन्या भिंतीच्या मध्यावर घ्यावी, म्हणजे प्रत्येकाला साडेसात इंच, पंचवीस चौरस फूट जागा मिळावी, असे ठरले. खर्च निम्मा निम्मा. पाया दोन्ही बाजूंना सारखाच रुंद. भिंत केवळ आडोशाची राहील, छताचा भार ज्याने त्याने आपल्या हद्दीतील खांबांवर घ्यावा. पावसाचे पाणी शेजारी न सोडता आपल्या पन्हळीने आपल्याच बाजूस काढावे. काकांनी तोंडी शब्दावर समाधान मानले नाही, हे बरे केले. आजची दोन माणसे शब्द पाळतील. नातवांना तो ठाऊक कसा असेल? करारनामा मुद्रांकावर लिहिला, मध्यरेषेच्या मापांचा नकाशा जोडला आणि स्थावर मिळकतीतील हक्काचा दस्त म्हणून दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी केली. नोटीस लेखी मागे घेतली गेली. नोंदलेल्या दस्ताची प्रत मिळताच बँकेने कर्ज मंजूर केले. जुन्या भिंतीचे दगड कोणाचे, यावर पुन्हा अर्धा दिवस कुरबूर झाली. ते पायातच वापरले गेले.

किल्ल्या मात्र लगेच एकमेकांकडे गेल्या नाहीत. दिवाळीनंतर भुसारवाले कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेसाठी सहकुटुंब पालिताण्याला निघाले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेठ स्वतः कापडाच्या दुकानात गेले आणि किल्ली गल्ल्यावर ठेवून म्हणाले, “चार दिवस लक्ष ठेवा.” कापडवाल्यांनी ती जुन्याच खणात टाकली.