कळ आणि रेशनकार्ड

छातीतली कळ मराठवाड्यात आधी ‘पित्त’ ठरते. ओवा खाऊन वाट पाहिली जाते. विमा नसलेल्या घरात ही वाट लांबते, कारण कळेबरोबर बिलाची धास्तीही उठते. डाव्या हातात, जबड्यात उतरणारी कळ आणि दरदरून घाम ही हृदयविकाराची खूण असू शकते. तेव्हा १०८ ला फोन करणे हेच खरे. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे विमा लागत नाही. अँजिओप्लास्टीसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असते. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. रुग्णालयातला या योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, रेशनकार्ड मागतो. ट्रंकेच्या तळाशी घडीवर विरलेले ते कार्ड रात्री दोन वाजता शोधणारे हात थरथरत असतात.