सापाताचा गोल

गेल्या आठवड्यात माळा आवरताना गोलकीपरचे जुने ग्लोव्हज सापडले. रबर तडकून चिकट झालेलं, आत अजून ओल्या मातीचा वास. तो नाकात शिरला आणि एल्चे आठवलं. स्पेनमधलं ते गाव मी पाहिलेलं नाही.

15 जून 1982, एल्चेत फुटबॉल विश्वचषकाचा सामना. हंगेरी 10, एल साल्वादोर 1. कोल्हापुरात पेपर वाचून सगळा कट्टा हसला. मी चौदा वर्षांचा, त्या 1 कडे बघत बसलो.

तो गोल लुईस रामिरेस सापाताचा. 5-0 असताना त्याने चेंडू जाळ्यात घातला आणि आनंदाने वेडा होऊन धावत सुटला. सोबतचेच म्हणे त्याला आवरत होते, नाचू नकोस, ते चिडतील. हंगेरीने पुढे आणखी पाच मारले, त्यातले तीन लास्लो किशने 7 मिनिटांत. तरी सापाता धावला ते बरोबरच केलं. अहिल्यानगर जिल्ह्याहून जरासा मोठा देश, घरात यादवी पेटलेली, 22 ची मुभा असताना स्पेनला आणलेले खेळाडू 20. आनंद करायचा तरी कधी?

त्यांचा प्रशिक्षक पिपो रॉद्रिगेस. 1969 मध्ये मेक्सिको सिटीत होंडुरासविरुद्ध जादा वेळेतला निर्णायक गोल याचाच. अडीच आठवड्यांत दोन्ही देशांत युद्ध जुंपलं. त्याला ‘फुटबॉल युद्ध’ म्हणतात, याचा मला आजही राग येतो. होंडुरासमधून हजारो साल्वादोरी कुटुंबं कसत्या जमिनीवरून हाकलली जात होती. भांडण जमिनीचं, नाव लागलं चेंडूला.

विश्वचषकात साल्वादोरचा आजवर तेवढा एकच गोल. इतकी वर्षं मी सापाताबरोबरच धावत आलो. परवा ग्लोव्हज हातात घेतले तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नजर गेली. तिथे साल्वादोरचा गोलकीपर लुईस ग्वेवारा मोरा, वय 20, दहा वेळा मागे वळून जाळ्याकडे बघणारा.

शाळेकडून खेळताना एका पावसाळ्यात मी सात गोल खाल्ले होते. गुडघाभर चिखल, डोळ्यांत पाणी. सरांनी पुढच्या मॅचला दुसरा पोरगा उभा केला, मला सांगितलंही नाही. ग्लोव्हज त्याच संध्याकाळी माळ्यावर गेले.

ग्वेवारा मोराला कुणी बसवलं नाही. चार दिवसांनी, त्याच एल्चेत, बेल्जियमसमोर तोच उभा राहिला. एकच गोल खाल्ला.