उन्हाळ्यात मेंढ्यांच्या पाण्याच्या वेळा

उन्हाळ्यात मेंढी किती पाणी पिते, हे उन्हावर ठरते तितकेच पाणी दाखवण्याच्या वेळांवरही ठरते. पाणी सतत समोर असले तर ती दिवसभर थोडे थोडे पिते. एकदाच मिळाले तर एका दमात बरेच ओढते, पण दिवसाची बेरीज कमीच भरते. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यातूनच बरेचसे पाणी पोटात जाते, त्यामुळे ही तूट जाणवत नाही. चैत्र-वैशाखात रान वाळलेले असते आणि अंगातले पाणी धापांवाटे उडत असते. तेव्हा मोठ्या मेंढीची गरज चार-पाच लिटरच्या पुढे जाते. दूध पाजणारीची त्याहूनही वाढते.

माण-आटपाडीच्या माळांवर दख्खनी मेंढ्यांच्या कळपांमागे काढलेल्या उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखकाने हे जवळून पाहिले. सकाळची चरणी आटोपून अख्खा कळप एकदमच डोणीवर येई. पुढच्या मेंढ्या ओठ पाण्यात बुडवून मान वर न करता पीत राहत, मागून रेटा येई. दांडग्या मेंढ्या टम्म होऊन हटेपर्यंत डोणीचा तळ दिसू लागे आणि नुकत्याच व्यालेल्या, रोडावलेल्या मेंढ्यांच्या वाट्याला गढूळ पाणी तेवढे उरे. दुपारी सगळाच कळप एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभा राही. मात्र ऊन कलल्यावर पोटभर पाणी न मिळालेल्या मेंढ्या चरायला निघत नसत.

याचे कारण पोटात आहे. वाळका चारा भिजून रवंथ व्हायला पाणी लागते; ते नसले की मेंढी खाणेच कमी करते. लेंड्या कोरड्या, कडक होतात, लघवी घटते. शरीर अशा रीतीने पाणी राखून जीव वाचवते, दूध मात्र आटते आणि कोकरे खंगतात. राजस्थानातील मारवाडी मेंढ्या दोन-तीन दिवसांआड पाणी मिळाले तरी तग धरतात, हे खरे. पण तग धरणे म्हणजे पोसले जाणे नव्हे.

पाणी तापलेले असणेही आड येते. उन्हातल्या काळ्या टाकीतले पाणी मेंढ्या हुंगून सोडतात, सावलीतल्या दगडी डोणीचे पितात.

मेंढपाळांनी उन्हाळ्यात किमान दोनदा पाणी पाजावे: सकाळची चरणी संपताच आणि ऊन उतरताना. लेकुरवाळ्या मेंढ्यांना कळपाआधी, वेगळे सोडावे. विकतचे पाणी एकाच फेरीला पुरणार असेल, तरी तेच दोन वेळांत विभागून द्यावे.